कामगार नुकसानभरपाई : हातखंबा परिसर

काम करताना झालेली दुखापत किंवा मृत्यू यांबद्दल मालकाने कामगाराला अथवा त्याच्या अवलंबितांना द्यावयाची कायदेशीर रक्कम. हातखंबा (ता. व जि. रत्नागिरी) हे गाव रत्नागिरी शहरापासून बारा-तेरा किमी.वर आहे. मुंबई-गोवा महामार्ग (क्र. 66) आणि मिऱ्या-कोल्हापूर-नागपूर मार्ग (क्र. 166) येथील तिठ्यावर मिळतात. टँकर-ट्रकची वाहतूक, महामार्गाचे चौपदरीकरण, आसपासच्या चिरेखाणी आणि आंब्याच्या बागा हे येथील जोखमीच्या कामांचे मुख्य प्रकार होत.

पार्श्वभूमी : कामगार नुकसानभरपाईचा मूळ कायदा 1923 चा असून तो 1 जुलै 1924 पासून लागू झाला. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील चाकरमान्यांची संख्या मोठी असल्याने हा कायदा या जिल्ह्याला पहिल्यापासून जवळचा. 2009 च्या दुरुस्तीने ‘कामगार’ऐवजी ‘कर्मचारी’ हा शब्द आला (अंमल 18 जानेवारी 2010). 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 अमलात आली आणि हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच निर्माण होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये प्रतापनारायण सिंग देव खटल्यात ठरवले. त्यामुळे संहिता अमलात येण्याआधीच्या अपघातांच्या दाव्यांसाठी 1923 च्या कायद्यातील तरतुदी अजून महत्त्वाच्या आहेत. पुढील विवेचन मुख्यतः त्यांवर आधारलेले आहे.

चालक व क्लीनर : या परिसरात सर्वांत जास्त उपयोगी पडणारा भाग हाच. घाटात गॅसचा टँकर उलटला आणि चालक दगावला, तर चूक त्याचीच होती असे सांगून घरच्यांना परत पाठवले जाते. मोटार अपघात न्यायाधिकरणात चूक कोणाची हा प्रश्न येतो. कामगार भरपाईत तो येतच नाही. कामावर असताना व कामामुळे अपघात झाला, एवढे पुरे असते. दारूच्या नशेचा किंवा सुरक्षेचे नियम मुद्दाम मोडल्याचा बचावसुद्धा मृत्यू अथवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास मालकाला घेता येत नाही. मात्र दोन्ही ठिकाणी भरपाई घेता येत नाही, एकच मार्ग निवडावा लागतो (मोटार वाहन कायदा, कलम 167). विमा कंपनी भरपाई आणि व्याज देते. भरपाईस उशीर केल्याबद्दलच्या दंडाची रक्कम मालकाने स्वतः भरायची, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा निर्णय आहे.

रकमेचा हिशेब : मृत्यूसाठी मासिक वेतनाच्या 50 टक्के, कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी 60 टक्के, गुणिले वयाचा गुणक. 3 जानेवारी 2020 पासून हिशेबात जास्तीत जास्त 15,000 रुपये वेतन धरतात. तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98, पन्नासाव्या वर्षाचा 153.09. तीस वर्षांच्या, पंधरा हजार मिळवणाऱ्या चालकाच्या मृत्यूची भरपाई यानुसार 15,59,850 रुपये होते. त्याच वयाच्या व वेतनाच्या चिरेखाणीतील माणसाचा अंगठा गेला, तर कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे कमाईक्षमतेची हानी 30 टक्के, म्हणजे 5,61,546 रुपये. तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के. एक डोळा गेला व दुसरा शाबूत असला तर 40 टक्के. अनुसूचीत नसलेल्या दुखापतीत कमाईक्षमता किती घटली हे डॉक्टर ठरवतात. शरीराचे अपंगत्व आणि कमाईची हानी या वेगळ्या गोष्टी आहेत. वर उल्लेखिलेल्या 1976 च्या खटल्यात डावा हात गमावलेल्या सुताराची हानी म्हणूनच शंभर टक्के धरली गेली. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के रक्कम द्यावी लागते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. महिन्याभरात पैसे न दिल्यास 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंड.

चिरेखाणी : यंत्राचे दातेरी चाक जांभ्यात उभे-आडवे काप घेत सरकते आणि मागून माणसे पहारीने चिरा सुटा करतात. बोटे, पाय आणि डोळे यांना धोका मोठा. मजूर बहुधा परजिल्ह्यातले किंवा कर्नाटकातले असतात. 1995 च्या दुरुस्तीने दावा अपघाताच्या ठिकाणीच नव्हे, तर अर्जदार जेथे राहतो तेथेही करता येतो. विजापूरकडच्या विधवेने रत्नागिरीच्या खेपा घालण्याची गरज नाही. ‘तो तर रोजंदारीवरचा होता’ हे उत्तरही चालत नाही. नैमित्तिक मजुरांना वगळणारे शब्द 2000 च्या दुरुस्तीने काढून टाकले आहेत.

आपसात मिटवणे : गावपातळीवर बहुतेक प्रकरणे येथेच संपतात. थोडी रोख रक्कम हातात ठेवून ‘काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही किंवा अंगठा घेतला जातो. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने शून्य आहे (कलम 17). मृत्यूची भरपाई कामगार भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई धरली जात नाही. केवळ तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल वळती होते. सही झाली म्हणून घरी बसलेल्या कुटुंबांना ही बाब सांगणे अत्यंत गरजेचे आहे. मुदत अपघातापासून दोन वर्षांची, सबळ कारण असल्यास विलंब माफ होतो.

पुरावा : नोकरी सिद्ध करणे हा दाव्याचा कणा. हजेरीचे पान, मुकादमाची वही, पगार जमा झालेले पासबुक, पोलिसांचा पंचनामा, रुग्णवाहिकेची नोंद. जिल्हा रुग्णालयात दाखल करताना केसपेपरवर ‘घरी पडला’ असे लिहिले गेले तर पुढे तेच आड येते. तेव्हा अपघाताचे ठिकाण व मालकाचे नाव पहिल्याच नोंदीत यावे.

महामार्ग व बांधकाम : पोटठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ कंत्राटदारावरही येते (कलम 12). बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे साहाय्य याहून वेगळे असून त्यासाठी आधी नोंदणी लागते.

येण्या-जाण्यातील अपघात : धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी 22 एप्रिल 2003 रोजी पहाटेच्या पाळीला जाताना वाटेत मरण पावला. आयुक्तांनी 3,26,140 रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने 29 जुलै 2025 रोजी पुन्हा मंजूर केले. घरून कामावर जाण्याचा प्रवास व नोकरी यांचा वेळ-ठिकाणाने संबंध जुळत असेल, तर तो अपघात नोकरीतलाच, असा या निकालाचा आशय. बावीस वर्षे लागली.

बागा व मासेमारी : कायदा लागू असलेल्या कामांच्या दुसऱ्या अनुसूचीत दोन्ही कामे आहेत. बाग मक्त्याने दिली असेल तर मालक कोण, आणि वाट्यावर जाणारा खलाशी नोकर ठरतो का, यांवर एकवाक्यता नाही.

व्यवसायजन्य रोग : तिसरी अनुसूची पाहावी.