पेशव्यांचे गारदी : पानिपत ते शनिवारवाडा

मणिकर्णिका घाटावर गेले की आपणा मराठी मंडळींना अहिल्यादेवी होळकरांचे नाव आठवतेच. पण राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनीही अखेरची वर्षे याच काशीत काढली व १८२४ साली येथेच देह ठेवला. राघोबादादा म्हटले की गारदी आठवतात. म्हणून त्या पलटणींचा हा अल्प परिचय.

गारदी म्हणजे युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेले बंदूकधारी पायदळ. हा शब्द फ्रेंच ‘गार्द’, म्हणजे पहारा, यावरून आला असे मानतात. आपल्या रेल्वेतील ‘गार्ड’ही त्याच कुळातला, २०२२ पासून त्याला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. दख्खनेत फ्रेंच सेनानी बुसी याने अशा पलटणी उभ्या केल्या. त्याच तालमीतला इब्राहिमखान निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला. गारद्यांना रोख पगार लागे व तो वेळेवर लागे. जुन्या सरदारांना हे खुपत असे.

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर लढाईपूर्वी इब्राहिमखान सदाशिवरावभाऊंना म्हणाला की, माझ्या माणसांच्या पगाराचा तगादा लावला म्हणून आपण रागावत होता, तो पैसा वाया गेला नाही हे आज दाखवतो. शत्रुपक्षात सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने हे नमूद केले आहे. त्या दिवशी गारद्यांनी रोहिल्यांची फळी फोडली व स्वतः जवळजवळ कापले गेले. जखमी इब्राहिमखान कैद होऊन मारला गेला.

पुढे बारा वर्षांनी शनिवारवाड्याचा पहारा गारद्यांकडेच होता. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, गणेशोत्सवाचे दिवस. थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंग गारदी व त्याचे साथीदार आत घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणरावांचा खून झाला. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला याची चर्चा आजही चालते. रामशास्त्र्यांनी मात्र राघोबादादांना दोषी ठरवले.

तेव्हापासून ‘गारदी’ ही शिवीच झाली. पण पानिपतावरचे व वाड्यातले, दोघेही गारदीच. एके ठिकाणी पगारासाठी धन्याशी भांडणारा आणि माणसांपुढे स्वतः उभा राहणारा सरदार होता. दुसरीकडे पगार थकलेला, घरात भाऊबंदकी आणि पहाऱ्याचे नाईक पैशाला वश. कारस्थान्याला आणखी काय हवे?

असो. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आरतीनंतर नारायणरावांची आठवण निघाली, तर इब्राहिमखानाचेही नाव घ्यावे, एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!