‘मानसोल्लासा’तील मृगया आणि अन्न

कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (इ. स. ११२९च्या सुमारास) या संस्कृत ग्रंथात शिकार आणि शिकारीचे अन्न यांची फारकत झालेली दिसते. ‘अन्नभोग’ तिसऱ्या विंशतीत, राजाच्या उपभोगांमध्ये येतो. मृगया चौथ्या विंशतीत, विनोदांमध्ये. वराहाचे केस कढत पाण्याने काढून मांस शूलावर भाजावे, शेतातल्या काळ्या उंदरांना तापल्या तेलात तळून निर्लोम करावे, असे बारकावे अन्नभोगात आहेत. उंदीर हे केवळ दरिद्री वा वन्य जमातींचे अन्न, ही आधुनिक अभिजनांची समजूत ही संहिता मोडून काढते.

तथापि तिची रचना निरपेक्ष नाही. भोक्ता आणि विनोदाचा कर्ता राजाच असल्यामुळे हाका घालणारे, सोलणारे, शिजवणारे यांच्या भुकेला येथे विषयत्व लाभत नाही. राजाची मृगया शास्त्र ठरली. फासेपारध्यांची पारध मात्र पोटासाठी होती. वसाहतकालीन कायद्याने त्यांना गुन्हेगार ठरवले. १९५२मध्ये तो शिक्का कायद्यापुरता पुसला गेला. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर त्यांची परंपरागत पारधही अपराध झाली. त्यांच्या चुलीवरील पाककृतींना मात्र असा ग्रंथ लाभला नाही. म्हणून ‘अन्नभोगा’चे वाचन राजाच्या ताटापाशी थांबवल्यास पाकपरंपरेचा इतिहास अपुराच राहतो.