पन्नास सह्यांचा अधिकार

कात्रजचा तलाव आणि पर्वतीचे देवालय ही एकाच धन्याची व जवळजवळ एकाच काळातली कामे होत. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये पर्वतीवर देवदेवेश्वराची स्थापना केली आणि त्याच सुमारास कात्रजच्या डोंगरपायथ्याशी आंबील ओढा अडवून तलावाचे काम हाती घेतले. तेथून जमिनीखालच्या दगडी नळाने पाणी शहरात आले, पेठांचे हौद भरू लागले. पुढे १७६१ मध्ये नानासाहेब पर्वतीवरच निवर्तले आणि १८१८ मध्ये राज्यही गेले. पाणी राहिले, देऊळ राहिले. आणि एक प्रश्नही राहिला. दाता गेल्यावर त्याच्या दानाची राखण कोणी करायची?

या प्रश्नाला पुण्याने दिलेले उत्तर आम्हांला महत्त्वाचे वाटते. पर्वती संस्थानचा कारभार पंचांकडे होता आणि त्याविषयी शहरात असंतोष वाढत गेला. गावात कुरकूर तर नेहमीचीच असते. परंतु गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी कुरकुरीवर थांबले नाहीत. लोकांच्या वतीने जाब विचारणाऱ्याला तरी तो अधिकार कोणी दिला, हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःलाच लावून घेतला. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा तिचा नियम होता. पहिल्या ९५ सभासदांच्या पाठीशी सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. सभेत सरदार होते, जहागीरदार होते, वकीलही होते. पण नियम सर्वांना एकच. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवून खरी हकीकत सरकारपुढे मांडली, त्या हकीकतीला वजन आले ते या मुखत्यारीमुळे.

तथापि, मुखत्यारी असली म्हणजे मंडळात सलोखा नांदतोच असे नाही. १८९५ मध्ये सभेच्या व्यवस्थापक मंडळात टिळकपक्षाचे बहुमत झाले आणि १८९६ मध्ये रानडे-गोखले यांच्या पक्षाने डेक्कन सभा ही निराळी संस्था काढली. दोन्ही बाजूंना थोर माणसे होती, दोघांच्याही हेतूंबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण एका शहराची एक सभा होती, तिच्या दोन झाल्या. मंडळातील जागा मोजण्यात किती शक्ती खर्च होते, हे आपल्या शहराने त्या वेळी पाहिले.

याहून अवघड प्रसंग सेवासंस्थांचा. ज्यांच्यासाठी अशी संस्था चालते, त्यांनी सही करायची कोठे? अनाथ मूल मुखत्यारपत्र देत नाही. निराधार विधवेला तर त्या काळी घरातही मत नव्हते. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमासाठी मंडळी स्थापन केली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष झाले, कर्वे चिटणीस. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि काम आटोपून पायी हिंगण्याला जात. पावसाळ्यातला चिखल तुडवीत जात. चिटणिसाने दप्तर सांभाळावे, वर्गणी गोळा करावी, एवढ्यावर कोणी बोट ठेवले नसते. पण ज्यांची सही कागदावर येऊ शकत नाही, त्यांची गाऱ्हाणी ऐकायची तर तेथवर चालत जावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन निघाले, तेव्हा अध्यक्षपदी रमाबाई रानडे होत्या. ज्या समाजघटकासाठी संस्था, त्यातलीच व्यक्ती मुख्य आसनावर, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आता कायदा आहे. १८६० चा संस्था नोंदणी कायदा होताच. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याने धर्मादाय आयुक्त आले, विश्वस्तांची नोंद आणि हिशेबाची तपासणी आली. हे फार चांगले झाले. परंतु तपासनीस पावत्या पाहतो. वसतिगृहातल्या मुलीला रात्री दूध मिळाले की फक्त पावतीवर मिळाले, हे त्याच्या वहीत उमटत नाही. ते पाहणे विश्वस्ताचे काम आहे.

एके काळी वेशीबाहेर दूर असलेले कात्रज आज शहरात सामावून गेले आहे. अशा वाढत्या वस्तीत पाळणाघरे, वृद्धाश्रम, वसतिगृहे यांची गरज वाढते, आणि त्यांच्या मंडळांवर बसण्याचे बोलावणे वाचकांपैकी कोणाला ना कोणाला येईलच. नाव पत्रिकेवर छापले जाईल, सत्काराची शालही मिळेल. ते बोलावणे जरूर स्वीकारावे. मात्र पहिल्या सभेला जाण्यापूर्वी एक दिवस त्या संस्थेत जाऊन पंगतीला बसावे, तेथल्या पन्नास माणसांची नावे विचारून घ्यावीत, आणि ती आपल्या मुखत्यारपत्रावरची नावे आहेत असे समजून मग हिशेबाची वही उघडावी.