समीकरण, असमानता आणि शाब्दिक उदाहरणं कशी सोडवायची?

छापलेल्या गणितावर फोनचा कॅमेरा धरला की फोटोमॅथसारखं अ‍ॅप पायऱ्यांसकट उत्तर देतं. पण दुकानाच्या बिलावर समीकरण छापलेलं नसतं, ते आपल्यालाच मांडावं लागतं. म्हणून इथे मी सोडवण्यापेक्षा मांडणीवर जास्त भर देतोय.

आधी साधं समीकरण बघू: ३क्ष + ७ = २२. 'बरोबर' या चिन्हाच्या दोन बाजू म्हणजे तराजूची दोन पारडी. (हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये आपल्या पुस्तकात वापरलं.) दोन्हीकडून ७ वजा केले तर ३क्ष = १५, दोन्हीकडे ३ ने भागलं तर क्ष = ५. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे शाळेतलं सूत्र मला फारसं आवडत नाही. बेरीज-वजाबाकीला ते चालतं, पण तेच डोक्यात ठेवून मुलं ३क्ष = १५ वरून क्ष = १५ − ३ लिहून मोकळी होतात.

आता शाब्दिक उदाहरण. लॅपटॉपची १८ टक्के जीएसटीसकट किंमत २३,६०० रुपये आहे, तर मूळ किंमत किती? बरेच जण २३,६०० चे १८ टक्के काढून वजा करतात आणि १९,३५२ उत्तर देतात. हे चूक आहे, कारण कर मूळ किमतीवर लागतो, एकूण रकमेवर नाही. जे माहीत नाही त्याला क्ष म्हणा. मूळ किंमत क्ष, त्यावरचा कर ०.१८क्ष, दोन्ही मिळून १.१८क्ष = २३,६००. म्हणजे क्ष = २०,००० आणि कर ३,६००. चुकीच्या रीतीने ६४८ रुपयांचा फरक पडतो. बिल बनवणाऱ्याला हा फरक परवडणारा नाही.

असमानतेत 'बरोबर'च्या जागी 'पेक्षा कमी' (<) किंवा 'पेक्षा जास्त' (>) येतं आणि उत्तर एका संख्येऐवजी संख्यांचा पट्टा असतो. समजा प्रिंटर १२,००० रुपयांना आहे, घरी एका पानाला शाई-कागद मिळून १ रुपया पडतो आणि दुकानात ३ रुपये. प्रिंटर कधी परवडेल?

१२,००० + क्ष < ३क्ष
−२क्ष < −१२,०००
क्ष > ६,०००

शेवटच्या पायरीत −२ ने भागलं, म्हणून चिन्ह उलटलं. २ हे ५ पेक्षा लहान, पण −२ हे −५ पेक्षा मोठं, कारण तेच. चिन्ह उलटायचं राहिलं तर उत्तर येईल क्ष < ६,०००, म्हणजे 'कमी पानं छापत असाल तर प्रिंटर घ्या'! निर्णयच उलटा होतो. महिन्याला ३० पानं लागणाऱ्या घरात ६,००० चा आकडा गाठायला २०० महिने, म्हणजे साडेसोळा वर्षांहून जास्त काळ लागेल. अशा घराने मी म्हणेन, दुकानातच जावं.

हेच काम एक्सेलमध्ये 'गोल सीक' करतं. डेटा टॅबमध्ये 'व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिस'खाली ते सापडेल, लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये टूल्स मेनूत. एक सेल पानांसाठी ठेवा, दुसऱ्यात घरचा खर्च वजा दुकानाचा खर्च असं सूत्र लिहा. 'सेट सेल'मध्ये सूत्राचा सेल, 'टू व्हॅल्यू'मध्ये ०, 'बाय चेंजिंग सेल'मध्ये पानांचा सेल द्या. उत्तर ६,००० येईल. मात्र गोल सीकला फक्त 'बरोबर' कळतं, 'कमी-जास्त' नाही. सीमा मिळाली की कोणती बाजू आपली, ते एक-एक संख्या घालून बघा: ७,००० पानांना घरी १९,००० आणि दुकानात २१,०००; ५,००० पानांना घरी १७,००० आणि दुकानात १५,०००.