विल्यम नॉरिस : वंचितांच्या वस्तीत संगणकाचा कारखाना उभारणारा अभियंता

संगणकाच्या इतिहासात आयबीएमचे नाव सर्वांना माहीत असते. त्याच आयबीएमला १९६०च्या दशकात वेगाच्या शर्यतीत मागे टाकणाऱ्या 'कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन' या कंपनीचे आणि तिचे संस्थापक विल्यम चार्ल्स नॉरिस यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही. नॉरिस विद्युत अभियंता होते, अमेरिकी नौदलातील माजी अधिकारी होते आणि मोठे उद्योजकही होते. मात्र त्यांची दखल घ्यायची ती आणखी एका कारणासाठी. दंगलीने होरपळलेल्या कृष्णवर्णीय वस्तीत त्यांनी कारखाना काढला आणि हा दानधर्म नसून व्यवसाय आहे, असे ते ठामपणे सांगत राहिले.

जन्म आणि शिक्षण

नॉरिस यांचा जन्म जुलै १९११ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, रेड क्लाउड या छोट्या गावाजवळच्या शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी त्यांनी स्वतःच्या हाताने रेडिओ संच जुळवले. १९३२ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. तो महामंदीचा काळ होता, नोकऱ्या मिळत नव्हत्या. वडिलांच्या निधनामुळे त्यांना शेतीही सांभाळावी लागली. दुष्काळात चारा संपला तेव्हा आसपासचे शेतकरी जनावरे मिळेल त्या भावाने विकत होते. नॉरिस यांनी मात्र शेतात माजलेले काटेरी तण कापून साठवले आणि त्यावर गुरे जगवली. जे इतरांना टाकाऊ वाटते त्यात उपयोग शोधण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली. पुढे त्यांनी वेस्टिंगहाउस कंपनीत क्ष-किरण यंत्रांच्या विक्रीचे काम केले.

नौदलातील काम

दुसऱ्या महायुद्धात नॉरिस नौदलाच्या वॉशिंग्टनमधील गुप्तलिपी विभागात दाखल झाले. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्यासाठी तेथे गणिती आणि अभियंते नवनवीन यंत्रे तयार करत होते. नॉरिस कमांडर पदापर्यंत पोहोचले. युद्ध संपताच हे कुशल मनुष्यबळ विखुरण्याची वेळ आली. ते एकत्र ठेवण्यासाठी १९४६ मध्ये नॉरिस आणि हॉवर्ड एंगस्ट्रॉम यांनी सहकाऱ्यांसह 'इंजिनिअरिंग रिसर्च असोसिएट्स' ही कंपनी सुरू केली. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरात, पूर्वी युद्धासाठी ग्लायडर बनवणाऱ्या इमारतीत तिचे काम चाले. पुढे ही कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली आणि १९५५ मधील विलीनीकरणानंतर ती स्पेरी रँडचा भाग झाली. तेथे नॉरिस युनिव्हॅक विभागाचे प्रमुख होते, पण मोठ्या कंपनीच्या संथ कारभाराला ते कंटाळले.

कंट्रोल डेटाची स्थापना

१९५७ मध्ये त्यांनी कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन स्थापन केली. भांडवल उभे करण्यासाठी समभाग अवघ्या १ डॉलरला विकले. बुद्धिमान संगणक रचनाकार सीमोर क्रे त्यांच्यासोबत आले. क्रे यांना शांतता हवी होती, म्हणून त्यांच्या मूळ गावी, विस्कॉन्सिन राज्यातील चिप्पेवा फॉल्स येथे प्रयोगशाळा बांधून देण्यात आली. तेथे तयार झालेला 'सीडीसी ६६००' हा संगणक १९६४ मध्ये ग्राहकांकडे पोहोचला आणि त्या वेळी तो जगात सर्वांत वेगवान ठरला. मुख्य प्रोसेसरवरचा किरकोळ कामांचा भार दहा छोट्या साहाय्यक प्रोसेसरांवर टाकणे, हे त्याच्या वेगामागचे एक कारण होते. एवढ्या लहान चमूने आपल्याला कसे हरवले, असा सवाल आयबीएमच्या प्रमुखांनी आपल्याच अधिकाऱ्यांना लेखी विचारला होता. १९६८ मध्ये नॉरिस यांनी आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला. १९७३ मध्ये तडजोड होऊन आयबीएमची सेवा देणारी एक उपकंपनी कंट्रोल डेटाकडे आली.

या कंपनीचा भारताशीही संबंध आहे. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बसवलेला 'सीडीसी ३६००' हा मोठा संगणक याच कंपनीचा होता. देशातील अनेक शास्त्रज्ञांनी संगणकीय काम त्याच यंत्रावर शिकले.

नॉर्थसाइडचा कारखाना

जुलै १९६७ मध्ये मिनियापोलिस शहराच्या उत्तर भागात, प्लायमाउथ अव्हेन्यू परिसरात दंगल उसळली. बेकारी, निकृष्ट घरे आणि पोलिसांशी असलेला तणाव यांमुळे तेथील कृष्णवर्णीय तरुण संतप्त होते. त्याच वर्षी नॅशनल अर्बन लीगचे नेते व्हिटनी यंग यांचे विचार ऐकून नॉरिस अस्वस्थ झाले होते. त्यांनी देणगी देऊन विषय संपवला नाही, तर त्याच वस्तीत कारखाना काढण्याचा निर्णय घेतला. १९६८ मध्ये काम सुरू झाले.

येथे त्यांनी दोन गोष्टी विचारपूर्वक केल्या. पहिली, या कारखान्याला दुय्यम काम दिले नाही. संगणकाला जोडायच्या उपकरणांचे नियंत्रक तेथे बनवले जात आणि कंपनीची भिस्त त्याच कारखान्यावर होती. त्यामुळे तोटा दिसताच टाळे ठोकून निघून जाण्याचा मार्गच उरला नाही. दुसरी, गुणवत्तेचे निकष इतर कारखान्यांइतकेच ठेवले, पण नोकरीच्या दारातले अडथळे काढले. कामाचा पूर्वानुभव नसलेल्यांना घेतले आणि कामावरच शिकवले.

सुरुवातीला गैरहजेरी खूप होती. लोक आळशी आहेत, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. कंपनीने कारणे शोधली. मुले सांभाळायला कोणी नव्हते, कुणावर कर्जाचा बोजा होता, कुणी कोर्टकचेरीत अडकले होते. त्यामुळे पाळणाघर, समुपदेशन आणि कायदेशीर मदतीची सोय करण्यात आली. हळूहळू कारखाना स्थिरावला. १९७० मध्ये सेंट पॉलच्या सेल्बी भागात अर्धवेळ कामाचा कारखाना निघाला. मुले शाळेत असताना त्यांच्या आया तेथे काम करत आणि त्यानंतर विद्यार्थी येत. केंटकी राज्यातील कॅम्प्टन या गरीब डोंगराळ भागातही कंपनीने कारखाना नेला.

शिक्षण आणि टीका

संगणकाद्वारे शिक्षण देणारी 'प्लेटो' प्रणाली इलिनॉय विद्यापीठात विकसित झाली होती. नॉरिस यांनी तिच्यावर प्रचंड भांडवल लावले. ही कल्पना काळाच्या पुढे होती, पण यंत्रे महाग होती आणि अपेक्षित उत्पन्न आले नाही. पुढे स्वस्त छोट्या संगणकांची लाट आली. १९८५ मध्ये कंपनीला ५६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला आणि जानेवारी १९८६ मध्ये नॉरिस यांनी प्रमुखपद सोडले. समाजकार्याच्या नादात कंपनी बुडवली, अशी टीका झाली. मात्र संगणक उद्योगाची बदललेली दिशा आणि साठवण उपकरणांच्या बाजारातील तीव्र स्पर्धा, ही तोट्याची मोठी कारणे होती. १९९२ मध्ये कंपनीचे विभाजन झाले.

त्यांच्या कारकिर्दीत विसंगतीही होती. मिनियापोलिसमध्ये कृष्णवर्णीयांना रोजगार देणारी ही कंपनी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतही व्यवसाय करत होती. मूल्यमापन करताना ही बाजूही नोंदवायला हवी.

१९८६ मध्ये नॉरिस यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. २१ ऑगस्ट २००६ रोजी, वयाच्या ९५व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

महत्त्व

वंचितांना नोकरी दिली तर गुणवत्ता घसरते, हा युक्तिवाद खासगी उद्योगांकडून आजही ऐकू येतो. नॉर्थसाइडच्या कारखान्याने त्याला प्रत्यक्ष उत्पादनातून उत्तर दिले. संधी, प्रशिक्षण आणि रोजच्या अडचणींवर व्यवस्था मिळाली, तर ज्यांना कामाच्या लायक मानले जात नव्हते तेच लोक अत्याधुनिक यंत्रे बनवू शकतात. खासगी क्षेत्रातील हिश्श्याबद्दल बोलणाऱ्या तरुणांनी आणि स्वतःचा उद्योग उभारू पाहणाऱ्यांनी हा प्रयोग बारकाईने अभ्यासायला हवा. नोकरीची जाहिरात देऊन दार उघडत नाही, आत आलेल्या माणसाला टिकता येईल अशी रचना मालकाने करावी लागते.