अमेरिकेतील डावे वळण : एका हिरव्या दिव्याचे दोन अर्थ

शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसाला रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालविण्याची सवय थोड्याच दिवसांत होते. रुंद रस्ते, आखलेल्या लेन आणि ठळक पाट्या यांमुळे सरळ रस्त्यावर त्याची फारशी अडचण होत नाही. अडचण होते ती चौकात, डावीकडे वळताना. आपल्याला हिरवा दिवा मिळालेला असतो आणि समोरून गाड्या मात्र वेगाने येतच असतात. अशा वेळी थांबायचे की निघायचे? हा प्रश्न केवळ नवख्यांना पडतो असे नाही. त्याच देशात वाढलेले चालकही येथे चुकतात. म्हणूनच तेथील वाहतूक अभियंत्यांना चालकांना दोष देणे सोडून सिग्नलचीच रचना नव्याने तपासावी लागली.

आपले उजवे, त्यांचे डावे

भारतात वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे आपल्याकडे डावे वळण सोपे आणि उजवे वळण अवघड. उजवीकडे जाणाऱ्याला समोरून येणाऱ्या वाहतुकीचा प्रवाह छेदावा लागतो. अमेरिकेत सारे उलट आहे. तेथे उजवे वळण रस्त्याच्या कडेकडेने होते, तर डावे वळण घेणाऱ्याला समोरच्या सर्व लेन ओलांडाव्या लागतात.

या फरकाचे गांभीर्य आकड्यांवरून कळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१० मध्ये चौकांतील अपघातांच्या कारणांवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार चौकाशी संबंधित अपघातांपैकी २२.२ टक्के अपघातांत निर्णायक घटना डावे वळण ही होती. उजव्या वळणाचा वाटा केवळ १.२ टक्के निघाला. पार्सल पोहोचविणारी 'यूपीएस' ही कंपनी तर गाड्यांचे मार्ग आखतानाच डावी वळणे शक्य तेवढी टाळते. त्यात अपघाताचा धोका कमी होतो, तसेच समोरची वाहतूक ओसरण्याची वाट पाहण्यात जाणारा वेळ आणि इंधनही वाचते.

गोल दिवा आणि बाण

डाव्या वळणासाठी अमेरिकेत मुख्यतः तीन पद्धती आहेत. पहिली पद्धत 'संरक्षित' वळणाची. हिरवा बाण लागला की समोरच्या सरळ येणाऱ्या वाहतुकीला लाल दिवा असतो. त्या काळात वळणाचा हक्क पूर्णपणे वळणाऱ्याचा असतो. दुसरी पद्धत 'परवानगी'ची. येथे साधा गोल हिरवा दिवा असतो आणि समोरच्यांनाही त्याच वेळी हिरवा असतो. वळायला मनाई नाही, पण समोरच्या वाहनांना आणि पादचाऱ्यांना आधी वाट द्यायची. तिसऱ्या पद्धतीत या दोहोंची सांगड घातलेली असते. काही सेकंद बाण, त्यानंतर गोल हिरवा.

गोंधळाचे मूळ दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीत आहे. सरळ जाणाऱ्याला गोल हिरवा दिवा 'वाट तुझी आहे' असे सांगतो. तोच दिवा डावीकडे वळणाऱ्याला 'वाट दुसऱ्याची आहे, मोकळी झाली तर जा' असे सांगतो. एकाच रंगाला आणि एकाच आकाराला दोन अर्थ. बालपणापासून हिरवा म्हणजे 'निघा' हे मनावर बिंबलेले असते. घाईच्या क्षणी पहिलाच अर्थ डोक्यात येतो. म्हणून अनेक चौकांत सिग्नलशेजारी 'गोल हिरव्यावर डावीकडे वळणाऱ्याने वाट द्यावी' अशा अर्थाची पाटी लावावी लागते. ज्या दिव्याचा अर्थ शेजारी पाटी लावून समजवावा लागतो, त्या दिव्यातच काही उणीव आहे, हे उघड आहे.

मग सर्वत्र संरक्षित बाणच का देत नाहीत, असा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. प्रत्येक बाणासाठी सिग्नलच्या फेरीतून काही सेकंद काढून द्यावे लागतात आणि तेवढा काळ समोरची वाहतूक अडवून धरावी लागते. वळणारी वाहने थोडी असतील तर ही किंमत परवडत नाही. परवानगीच्या वळणात तोच वेळ दोन्हीकडच्या वाहतुकीला वापरता येतो. थोडक्यात, वाचलेल्या सेकंदांच्या मोबदल्यात निर्णयाचा भार चालकावर टाकलेला असतो.

पाच दिव्यांचे 'डॉगहाउस'

मिश्र पद्धतीसाठी अमेरिकेत दीर्घकाळ पाच दिव्यांचा सिग्नल वापरला गेला. वर मध्यभागी लाल दिवा, त्याखाली दोन रांगा. एका रांगेत पिवळा आणि हिरवा बाण, दुसरीत पिवळा आणि हिरवा गोल दिवा. वरचा निमुळता आकार कुत्र्यासाठी बांधलेल्या लाकडी घरासारखा दिसतो, म्हणून अभियंत्यांच्या बोलीत याला 'डॉगहाउस' असे नाव पडले. हे सिग्नल आजही अनेक ठिकाणी दिसतात.

या सिग्नलवर कधी हिरवा बाण आणि गोल हिरवा एकत्र, कधी हिरवा बाण आणि गोल लाल एकत्र, तर कधी नुसता गोल हिरवा दिसतो. बाण विझला आणि गोल हिरवा उरला, की वळण्याचा हक्क संपतो, परवानगी तेवढी उरते. पण मागून येणाऱ्या चालकाला बाण केव्हा विझला हे दिसलेलेच नसते. पुढची गाडी बाणावर वळली म्हणून तिच्यामागोमाग आपणही वळावे, ही चूक येथेच घडते.

पिवळ्या दिव्याचा सापळा

याहून धोकादायक प्रकार म्हणजे वाहतूक अभियांत्रिकीत 'यलो ट्रॅप' या नावाने ओळखली जाणारी स्थिती. चालक गोल हिरव्यावर चौकाच्या मध्यापर्यंत येऊन समोरची वाहतूक थांबण्याची वाट पाहत असतो. त्याचा दिवा पिवळा होतो. समोरच्यांनाही आता पिवळाच लागला असणार, ते थांबतील, असा तर्क करून तो वळतो. परंतु काही चौकांत समोरच्या बाजूच्या डाव्या वळणाचा बाण फेरीच्या शेवटी दिला जातो. त्यामुळे त्या बाजूचा हिरवा दिवा पुढेही चालू राहतो. वळणारा चालक समजून-उमजून, नियम पाळण्याच्या भावनेनेच वळलेला असतो आणि भरधाव येणाऱ्या गाडीसमोर जातो.

येथे चालकाने नियम मोडलेला नसतो. त्याने आपल्या दिव्यावरून दुसऱ्याच्या दिव्याचा अंदाज बांधलेला असतो आणि सिग्नलची रचना तो अंदाज खोटा पाडते. टेक्सासमधील डॅलस येथे यावर एक उपाय निघाला. वळणाऱ्या लेनच्या हिरव्या दिव्याला झडपा बसवून तो फक्त त्याच लेनमधून दिसेल असे केले गेले आणि त्याची वेळ समोरच्या हिरव्याशी जोडली गेली. 'डॅलस फेजिंग' या नावाने ही पद्धत ओळखली जाते. तरीही गोल हिरव्याच्या दोन अर्थांचा प्रश्न राहिलाच.

लुकलुकणारा पिवळा बाण

निरनिराळ्या राज्यांनी निरनिराळे प्रयोग केले. मिशिगनमध्ये लुकलुकणारा गोल लाल दिवा, डेलावेअरमध्ये लुकलुकणारा लाल बाण वापरला गेला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्याचा गोंधळ त्यामुळे वाढतच होता. अखेर राष्ट्रीय पातळीवर संशोधन हाती घेण्यात आले. सिम्युलेटरवर आणि प्रत्यक्ष रस्त्यावर चाचण्या झाल्या आणि २००३ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. लुकलुकणाऱ्या पिवळ्या बाणाचा अर्थ चालकांना चांगला कळतो आणि गोल हिरव्याच्या तुलनेत त्यावर धोकादायक चुका कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. मार्च २००६ मध्ये केंद्रीय महामार्ग प्रशासनाने या दिव्याला तात्पुरती मान्यता दिली. २००९ च्या राष्ट्रीय वाहतूक-चिन्ह नियमावलीत त्याचा रीतसर समावेश झाला.

या सिग्नलवर नेहमीच्या मांडणीत वरून खाली चार बाण असतात : लाल, स्थिर पिवळा, लुकलुकणारा पिवळा आणि हिरवा. त्यांचे अर्थ असे :

लाल बाण : वळू नये, थांबावे.
स्थिर पिवळा बाण : वळणाची वेळ संपत आली आहे, लाल लागणार आहे.
लुकलुकणारा पिवळा बाण : वळता येईल, पण समोरची वाहने आणि पादचारी यांना आधी वाट द्यावी.
हिरवा बाण : समोरची वाहतूक थांबविलेली आहे, वळावे.

येथे प्रत्येक दिव्याला एकच अर्थ आहे आणि हेच या रचनेचे बलस्थान होय. दुसरा फायदा सापळ्याबाबतचा. लुकलुकणारा बाण समोरच्या हिरव्या दिव्याशी जोडलेला असतो. शेजारच्या सरळ लेनला लाल लागला तरी समोरून वाहने येत असतील तोवर हा बाण लुकलुकत राहू शकतो. त्यामुळे चालकाने फक्त आपल्या लेनचा सिग्नल पाहावा; शेजारच्या दिव्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. मात्र हा सिग्नल सर्वत्र सक्तीचा नाही. एकाच शहरात दोन चौकांवर दोन पिढ्यांचे सिग्नल दिसू शकतात.

वळण टाळण्याच्या युक्त्या

काही राज्यांनी डावे वळणच टाळण्याचा मार्ग स्वीकारला. मोठी मराठी वस्ती असलेल्या न्यूजर्सीत अनेक रस्त्यांवर डावीकडे जाणाऱ्याला आधी उजवीकडच्या फाट्यावर घेतात. कानाच्या आकाराच्या मगाच्या दांडीसारखा हा फाटा असल्याने त्याला 'जगहँडल' म्हणतात. नवा चालक डाव्या लेनमध्ये थांबतो आणि वळण मागेच राहून गेल्याचे त्याच्या उशिरा ध्यानात येते. मिशिगनमध्ये चौक ओलांडून पुढे दुभाजकाच्या फटीतून यू-टर्न घ्यावा लागतो. पिट्सबर्ग शहरात हिरवा लागताच पहिल्या डाव्या गाडीला समोरचा चालक आधी जाऊ देतो, असा रिवाज आहे. तो सौजन्याचा भाग आहे, कायद्याचा नव्हे. त्याच्या भरवशावर परक्या शहरात वळणे जिवावर बेतू शकते.

पादचाऱ्याकडे दुर्लक्ष

समोरच्या गाड्यांत फट शोधणाऱ्या चालकाचे डोळे लांबवर लागलेले असतात. ज्या रस्त्यावर तो वळणार, तेथे त्याच वेळी पादचाऱ्यांना चालण्याचा दिवा मिळालेला असतो. डावीकडे बसणाऱ्या चालकाच्या बाजूचा काचेलगतचा खांब नेमका त्या पादचाऱ्याला झाकतो. न्यूयॉर्क शहराच्या वाहतूक विभागाने २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासात डाव्या वळणांत मृत्युमुखी पडलेल्या पादचारी व सायकलस्वारांची संख्या उजव्या वळणांतील बळींच्या दुपटीहून अधिक आढळली. त्यानंतर तेथे अनेक चौकांत रबरी उंचवटे व खांब बसवून चालकाला संथ आणि काटकोनी वळण घ्यायला भाग पाडण्यात आले.

भारतातून जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

आपल्याकडे उजवीकडे वळणारा हळूहळू गाडी पुढे सरकवतो आणि समोरचा चालक वेग कमी करून त्याला सामावून घेतो. अमेरिकेत समोरचा चालक असे गृहीत धरत नाही. वाट आपली आहे या विश्वासाने तो वेग न घटवता येतो. ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला २० मीटर अंतर कापते. वळण पूर्ण व्हायला पाच सेकंद लागतात असे धरले, तर तेवढ्यात ती १०० मीटर पुढे आलेली असते. 'अजून लांब आहे' हा अंदाज म्हणूनच फसवा ठरतो.

थांबून वाट पाहताना चाके सरळ ठेवावीत, असे कॅलिफोर्नियाची चालक-पुस्तिका सांगते. चाके आधीच डावीकडे वळवलेली असतील आणि मागून धक्का बसला, तर गाडी थेट समोरच्या वाहतुकीत ढकलली जाते. मागच्याने हॉर्न वाजविला म्हणून वळू नये. धोका पुढे बसलेल्याचा असतो. लाल दिव्यावर वळण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. बऱ्याच राज्यांत एकेरी रस्त्यावरून एकेरी रस्त्यावर पूर्ण थांबून डावीकडे वळता येते, काही ठिकाणी तीही मुभा नाही. म्हणून ज्या राज्यात राहायचे तेथील परिवहन विभागाची पुस्तिका परवान्याच्या परीक्षेपुरती न वाचता नीट वाचावी.

शंका आलीच, तर एक सोपा मार्ग नेहमी उपलब्ध असतो : सरळ पुढे जावे आणि तीन उजवी वळणे घेऊन इच्छित रस्त्यावर यावे. त्यात दोन-चार मिनिटे जातील. परंतु हिरवा बाण दिसेपर्यंत वाट आपली नाही, एवढे मनात पक्के ठसले, तर ती मिनिटे खर्च करण्याची वेळही क्वचितच येईल.