हेडलेस सर्व्हरवरील आभासी यंत्र

हेडलेस सर्व्हर म्हणजे पडदा, कळफलक व माऊस न जोडता चालविला जाणारा संगणक. अशा संगणकावर केवळ आज्ञा टंकून सॉफ्टवेअरने घडविलेला दुसरा संगणक उभा करता येतो. त्यास आभासी यंत्र म्हणतात. मूळ संगणकास यजमान आणि आभासी यंत्रास पाहुणा अशी नावे रूढ आहेत. यजमानाशी संपर्क बहुधा एसएसएच या सुरक्षित पद्धतीने साधला जातो. बीड जिल्ह्यातील तलवाडा (ता. गेवराई) यासारख्या गावी बसून मुंबईतील सर्व्हर चालविणे त्यामुळेच शक्य होते. मात्र पडद्याअभावी पाहुणा बंद आहे, सुरू होताना अडला आहे, की व्यवस्थित चालत असूनही दिसत नाही, या तिन्ही अवस्था वरकरणी सारख्याच भासतात. विहिरीवरील मोटर चालू असूनही शेतात पाणी न पोहोचावे, तसा हा प्रकार. दोषशोधनाचे बहुतेक काम या अवस्थांमधील भेद ओळखण्याचे असते.

लिनक्सवर यासाठी व्हर्च्युअलबॉक्स व केव्हीएम ही साधने विशेष प्रचलित आहेत. व्हर्च्युअलबॉक्स मूळचे इनोटेक या जर्मन कंपनीचे; ते २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सकडे व २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले. केव्हीएमचा समावेश २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत झाला. त्याची जनक कंपनी क्युमरानेट पुढच्याच वर्षी रेड हॅटने विकत घेतली. रेड हॅटचे एक अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. या लेखातील आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीतच टंकाव्या लागतात.

यजमानाची तपासणी

प्रॉक निर्देशिकेतील सीपीयूइन्फो या फाइलमध्ये इंटेलच्या प्रोसेसरसाठी व्हीएमएक्स किंवा एएमडीच्या प्रोसेसरसाठी एसव्हीएम हा शब्द आढळला पाहिजे. स्वतःच्या संगणकावर तो शब्द असूनही केव्हीएम सुरू होत नसेल, तर ही सुविधा बायोसमध्ये बंद असण्याचा संभव असतो. भाड्याच्या सर्व्हरची गोष्ट निराळी. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून कार्यरत आहे; अशा ठिकाणी मिळणारा सामान्य सर्व्हर हाच मुळात एक आभासी यंत्र असतो. पाहुण्याच्या घरी आणखी पाहुणा ठेवण्याची मुभा सेवादाराने दिली नसेल, तर कोणतीही आज्ञा उपयोगी पडत नाही. ही तपासणी प्रथम न करता इतर उपायांत दिवस घालविणारे अनेक आढळतात.

व्हर्च्युअलबॉक्सला स्वतःचे कर्नल मोड्यूल लागते. कर्नल अद्ययावत झाल्यावर त्याच्या हेडर फाइली नसतील, तर ते नव्याने बांधले जात नाही. सिक्युअर बूट चालू असेल, तर स्वाक्षरीविना ते नाकारले जाते. केव्हीएम व व्हर्च्युअलबॉक्स एकाच वेळी चालविल्यासही संघर्ष उद्भवतो.

पाहुणा सुरू होतो, पण दिसत नाही

व्हीबॉक्समॅनेजच्या क्रिएटव्हीएम आज्ञेस रजिस्टर हा पर्याय न जोडल्यास यंत्राची फाइल तयार होते, पण पुढील आज्ञांना ते यंत्र सापडत नाही. स्टार्टव्हीएम ही आज्ञा एरवी खिडकी उघडू पाहते आणि पडद्याअभावी अपयशी ठरते. तिला टाइप हेडलेस असे सांगावे लागते. दूरस्थ पडद्याची व्हीआरडीई सुविधा नव्या यंत्रात बंद असते. ती चालू केल्यावर तिचे ३३८९ हे पोर्ट सर्वांसाठी उघडे ठेवू नये. एसएसएचच्या बोगद्यातूनच तेथे जावे.

केव्हीएममध्ये व्हर्श लिस्टची यादी रिकामी दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही. सामान्य वापरकर्त्याची सेशन यादी आणि सर्व्हरची सिस्टिम यादी वेगवेगळ्या असतात. व्हर्ट-इन्स्टॉलने स्थापना करताना कन्सोल कोरे राहते, कारण पाहुण्याचे कर्नल आपला मजकूर टीटीवायएस० या सिरियल मार्गाकडे पाठवीत नाही. ती सूचना एक्स्ट्रा-आर्ग्ज या पर्यायातून द्यावी लागते, आणि तो पर्याय लोकेशनसोबतच चालतो, सीडीरॉमसोबत नाही. आयएसओ फाइल खासगी होम निर्देशिकेत असल्यास परवानगीचा दोष येतो. ती लिबव्हर्टच्या इमेजेस निर्देशिकेत हलवावी.

जाळ्याचे दोष

व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट पद्धतीत पाहुण्यास बहुधा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो. त्याला इंटरनेट लाभते, पण बाहेरून त्याच्याकडे जाता येत नाही. त्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग करावे लागते. ब्रिज पद्धतीत पाहुण्यास स्वतंत्र पत्ता मिळतो, परंतु दूरच्या सर्व्हरवर ब्रिज घालणे म्हणजे ज्या फांदीवर बसलो तिच्यावरच कुऱ्हाड चालविणे होऊ शकते: एक चूक झाली की एसएसएच तुटते आणि दुरुस्तीचा मार्गच बंद होतो. म्हणून जुनी मांडणी काही मिनिटांनी आपोआप परत येईल अशी योजना आधी करावी. उबुंटूमध्ये नेटप्लॅन ट्राय ही आज्ञा याच हेतूने आहे. तरी ब्रिजच्या काही मांडण्या ती परत फिरवू शकत नाही, तेव्हा सेवादाराच्या आपत्कालीन कन्सोलची सोय तपासून ठेवावी.

बंद करणे व वीजपुरवठा

व्हर्शमधील डिस्ट्रॉय या शब्दाने नवशिके घाबरतात. ती आज्ञा चकती पुसत नाही, केवळ पाहुण्याची वीज तोडते. शटडाउन मात्र त्याला रीतसर झोपवते. खरा धोका अनडिफाइनला रिमूव्ह-ऑल-स्टोरेज जोडण्यात आहे. त्यात चकतीही जाते. नामकरण अधिक विवेकाने झाले असते, तर बरे झाले असते. यजमान घरी किंवा शाळेत असून भारनियमनाचा भाग असेल, तर बॅटरी संपण्यापूर्वी पाहुण्यास शटडाउन किंवा सेव्हस्टेट देण्याची व्यवस्था हवी, आणि वीज परतल्यावर तो उठावा म्हणून ऑटोस्टार्ट.

दोष न उमगल्यास व्हर्च्युअलबॉक्सची लॉग फाइल यंत्राच्या लॉग्ज निर्देशिकेत, तर केव्हीएमची व्हार-लॉग-लिबव्हर्टखालील क्यूईएमयू निर्देशिकेत पाहावी. लिनक्सच्या मूलभूत आज्ञांचे मराठी पाठ मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात उपलब्ध आहेत.